तीनशे मीटर लांब थांबा

आधीच कबूल करते. त्या रविवारी शेतात जी जत्रा भरली ती मी भरवली. कुणी म्हणतं गावच उत्साही आहे, कुणी म्हणतं व्हॉट्सअ‍ॅपमुळे झालं. खोटं आहे. एका कागदानं झालं, तो कागद मी लिहिला, आणि तो लोकांनी येऊ नये म्हणून लिहिलेला होता.

मी साताऱ्याची. सांगलीत विश्रामबागेला इंजिनिअरिंगसाठी आले तेव्हा माझ्याकडे एक ट्रंक, एक बादली आणि पत्रकं लिहिण्याचा दोन वर्षांचा अनुभव होता. अकरावीपासून लिहितेय. एसटीचा पास, वाचनालयाच्या वेळा, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी. एकट्या कडीवर मी दोन पत्रकं काढली. दुसऱ्याचं शीर्षक होतं 'कडी लावा, नाहीतर खुर्ची सोडा'. कडी लागली. पत्रकाचं एक शास्त्र असतं, ते मला ज्या काकांनी शिकवलं त्यांनी पुढे पक्ष बदलला, पण शास्त्र बदललं नाही: वर जाड अक्षरात आरोळी, खाली इतिहास, मग अन्याय, मग 'म्हणूनच', मग वार-वेळ-ठिकाण, आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरात बाकीचं.

कॉलेजच्या रॉकेटवाल्यांशी माझी ओळख भांडणातून झाली. आमच्या वसतिगृहात डिसेंबरात गार पाणी, आणि वर्कशॉपमागच्या खोलीत ह्या मंडळींना एसी. मी त्याच रात्री पत्रक काढलं: 'पोरींना गार पाणी, रॉकेटला एसी! हे म्हणे चंद्रावर निघाले!' दुसऱ्या दिवशी मेसमध्ये माझ्या ताटासमोर एक मुलगी येऊन बसली. शेवटच्या वर्षाची, वाळव्याकडच्या ऊसवाल्या घरातली, रॉकेटच्या टीमची कॅप्टन. हातात माझं पत्रक, त्यावर लाल पेनाच्या खुणा.

"चंद्रावर न्हाई," ती म्हणाली. "एक किलोमीटर वर. आणि एसी रॉकेटला न्हाई, साखरेला हाय. साखर ओलावा धरती."

मी म्हटलं, साखर कशाला?

तेव्हा कळलं की ह्यांचं रॉकेट साखरेवर उडतं. साखर आणि एक क्षार, ठरलेल्या मापात. माप इथे लिहिणार नाही. लिहिलं तर येत्या दिवाळीत निम्म्या जिल्ह्याच्या भुवया जळतील आणि त्याचंही पत्रक मलाच काढावं लागेल.

"तुझं मराठी झ्याक हाय," कॅप्टन म्हणाली. "आमच्यात चौदा जण हायत, एकाला अर्ज लिवता येत न्हाई. येतीस का?"

मी तत्त्वाची मुलगी आहे. मी म्हटलं, आधी गरम पाणी. तिनं वर्कशॉपमधली दोन पोरं पाठवून वसतिगृहाचा गीझर संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून दिला. प्रशासनाला जे दोन महिन्यांत जमलं नाही ते. मग माझ्याकडे नाही म्हणायला काही उरलं नाही.

आत गेल्यावर कळलं की कॅप्टनचं दुःख माझ्या गार पाण्यापेक्षा मोठं आहे. पहिल्या वर्षी ह्यांचं रॉकेट जागेवरच जळालं. दुसऱ्या वर्षी परवानगी आली नाही. तिसऱ्या वर्षी परवानगी आली आणि तिच्याबरोबर अवकाळी पाऊस आला. चौथं वर्ष हे, शेवटचं. चार वर्षं रॉकेट बनवणाऱ्या ह्या बाईनं स्वतःचं रॉकेट एकदाही उडताना बघितलेलं नव्हतं. चार वर्षं भाकऱ्या थापायच्या आणि पंगत एकदाही बसायची नाही, असला प्रकार. उन्हाळ्यात देशभरातल्या कॉलेजांची स्पर्धा होती. तिथं शिरायचं तर आधी पुरावा पाठवायचा: रॉकेट वर गेलं, पॅराशूट उघडलं, आणि ते पुन्हा उडवता येईल इतक्या धडपणे खाली आलं. गेलं आणि पडलं, हे चालणार नव्हतं. धड परत यायला हवं होतं.

मी कामाला लागले. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेले तर तिथल्या हवालदारांनी वाचून विचारलं, दिवाळी तर झाली की. छापील फॉर्मात रॉकेटसाठी रकाना नव्हता. 'शोभेची दारू' होता, 'मिरवणूक' होता, 'ध्वनिक्षेपक' होता. मी रकान्याच्या अभावावर तिथेच तोंडी निषेध नोंदवला. त्यांनी शांतपणे पेन उचललं आणि समासात लिहिलं: शैक्षणिक उद्देशाने रॉकेट, एक नग. विमानवाल्यांची परवानगी आमच्या मार्गदर्शक सरांनी आणली. सर भला माणूस. मी त्यांच्याकडून इतक्या अर्जांवर सह्या घेतल्या होत्या की पुढे पुढे ते कागद न वाचताच सही करायचे. हे लक्षात ठेवा, कारण त्यात त्यांचा दोष नाही.

पॅराशूट शिवायला आम्ही शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका टेलरकाकांकडे गेलो. नारंगी नायलॉन पुढे ठेवलं. त्यांनी टेप काढली आणि विचारलं, माप कुणाचं? कॅप्टननं गोल कागद दाखवला. काका त्या गोलाकडे बघून म्हणाले की बाई कोणीही असो, ह्यात बसणार नाही. समजावल्यावर मात्र त्यांनी असं शिवलं की एक टाका इकडचा तिकडे नाही, आणि घेराला हौसेनं सोनेरी लेस लावून दिली. वर लोकं बघणार, म्हणाले, नुसतं कसं पाठवायचं. कॅप्टननं लेस वजनकाट्यावर ठेवली, आकडा बघितला, आणि दात आवळून ती सगळी लेस स्वतः उसवली.

मग मुंग्या. साखरेचं इंधन पाकासारखं करून साच्यात ओततात. ओतताना गुऱ्हाळाचा वास सुटतो आणि तो वास सांगलीतल्या प्रत्येक मुंगीला कळतो. एसी होता, सीलबंद डबे होते, तरी मुंग्या येतच राहिल्या. शेवटी कॅप्टननं बाजारातून पुडाभर हळद आणली आणि कपाटाभोवती रेघ ओढली. सांगलीत हळदीला तोटा नाही. सर आले, कपाटाभोवती पिवळं वर्तुळ, आत जपून ठेवलेली वस्तू, बाजूला चौदा पोरं गप्प उभी. सर म्हणाले, प्रयोगशाळेत पूजाअर्चा नको, तुमच्यात ती पत्रकवाली असूनही हे. मी आयुष्यभर नारळ फोडण्याविरुद्ध लिहीत आलेली मुलगी. मला भिंतीवर खुलासा लावावा लागला: 'सदर हळद ही मुंग्यांसाठी आहे.'

जागा मिळाली इस्लामपूरच्या अलीकडच्या एका गावात, एका निवृत्त सुभेदारांच्या शेतात. ऊस तुटून गेलेला, बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याला अजून पाणी द्यायचं होतं, त्यामुळे जमीन मोकळी आणि कोरडी. सुभेदार आबांनी चहा पाजला आणि अट सांगितली.

"सोमवारी पाण्याची पाळी हाय. रविवारी काय उडवायचं ते उडवा. सोमवारी मी पाणी सोडणार, मग तिथं तुमचा बाप आला तरी चिखलात उभा ऱ्हाईल."

स्पर्धेला पुरावा पाठवायची मुदतही रविवार रात्रीचीच. म्हणजे एकच सकाळ. त्यातही साडेनवानंतर वारं सुटतं, म्हणून साडेनवाच्या आत.

सरांनी मला एक साधं काम दिलं. आसपासच्या तीन गावांत सूचना द्यायची. चार ओळी लिही, म्हणाले: रविवारी सकाळी चाचणी आहे, शेताकडे फिरकू नये, जवळून जाणं असेल तर तीनशे मीटर लांब थांबावे.

आता चार ओळींनी माणूस हलतो का? हे मी सरांना विचारलंही. ते तिसऱ्या वर्षाचे पेपर तपासत होते. मी वसतिगृहात बसून लिहिलं. वर आरोळी: 'आपल्या उसाची साखर आकाशात जाणार!' खाली इतिहास: 'बंधू-भगिनींनो, आजवर आपल्या साखरेने दुसऱ्यांचे चहा गोड केले.' मग अन्याय: 'आकाशावर मूठभरांची मक्तेदारी का? आकाश काय कुणाच्या बापाची जहागीर आहे?' मग 'म्हणूनच येत्या रविवारी सकाळी ठीक आठ वाजता, सुभेदारांच्या मळ्यात, आपल्याच लेकरांनी घडवलेले रॉकेट झेप घेणार आहे!' आणि उरलेल्या जागेत, छापखान्याच्या नावाच्या शेजारी, बारीक अक्षरात: 'सुरक्षेस्तव ३०० मीटर दूर राहावे.' कॅप्टन रॉकेटच्या मोटरमध्ये इंधन भरण्यात गुंतलेली. सरांनी सही केली. गुलाबी कागद सगळ्यात स्वस्त, त्यावर छापून मी तीन गावांत वाटला. एका गावात पंचायतीच्या शिपायानं तो भोंग्यावरून वाचला. इतका रंगून वाचला की तीनदा वाचला. खालची ओळ त्याला चष्म्याशिवाय दिसली नाही. हे त्यानं मला नंतर स्वतः, अगदी प्रामाणिकपणे सांगितलं.

रविवारी सहाला पोहोचलो तेव्हा बांधावर दहा-बारा मोटरसायकली लागलेल्या होत्या. मला वाटलं, मळ्यातले कामगार असतील. सातला ट्रॅक्टर यायला लागले, ट्रॉलीत उभ्या बायका, मांडीवर पोरं. साडेसातला भेळेचा गाडा आला. त्याच्यामागे उसाच्या रसाचा गाडा आला. ऊस तुटलेल्या शेतात, चहूबाजूंनी ऊस असलेल्या गावात, लोक पैसे देऊन उसाचा रस पीत उभे होते. कुणीतरी हलगी आणली होती. एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ येऊन विचारून गेले की बैल अजून कसं आलं न्हाईत. त्यांना शर्यत वाटली होती. शर्यत नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले, पण भेळ घेऊन थांबले.

आमचं रॉकेट मध्ये उभ्या पट्टीला टेकून उभं, माझ्यापेक्षा वीतभर उंच, तीन पंख, टोकाला पांढरं नाक. आणि लोक त्याच्या भोवती असे जमलेले, जसं सप्त्याच्या मंडपात हंडीभोवती जमतात. कुणी टिचकी मारून बघत होतं.

कॅप्टन माझ्याकडे आली. तिच्या हातात गुलाबी कागद होता. तो ती पहिल्यांदाच वाचत होती.

"लांब थांबा कुठं लिवलंय गं ह्यात?"

मी बोट ठेवलं. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला.

"ही ओळ हाय व्हय? मला वाटलं मुंगी चिकटलीया."

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे मुद्दे होते. तिनं हात वर केला.

"मी चार वर्षं थांबलीया. आज न्हाई उडालं तर मी रडणार न्हाई. तुझ्यावर वरडणार बी न्हाई. फकस्त जन्मात तुझ्याशी बोलणार न्हाई."

हे इतक्या शांतपणे म्हणाली की मला वसतिगृहातलं ते गार पाणी आठवलं.

सरांचा निकाल साधा होता. तीनशे मीटरच्या आत टीमबाहेरचा एकही माणूस असला तर बटण दाबायचं नाही. घड्याळात आठ वीस झाले होते.

चूक माझी, तर निस्तरणारही मीच, म्हणून मी कर्णा घेतला आणि ट्रॉलीवर चढले. मला वाटलं, मी समजावलं की लोक हटतील. मी समजावलं. मी विज्ञानावर बोलले, शिस्तीवर बोलले, आपल्या भागातल्या मुलींच्या शिक्षणावर बोलले. चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि नीट ऐकू यावं म्हणून सगळे पुढे सरकले. जे लांब होते तेही जवळ आले. मी जितकं पोटतिडकीनं 'मागे व्हा' म्हणत होते तितकी गर्दी घट्ट होत होती. भेळवाल्यानं तर गाडाच पुढे घेतला. शेवटी सरांनी खालून माझी ओढणी ओढली आणि म्हणाले, तू कृपा करून गप्प बस.

तेवढ्यात पुढे आलेल्यांतून एका टोपीवाल्या काकांनी प्रश्न विचारला. हे नदीच्या अलीकडच्या साखर कारखान्याच्या पॅनेलचे माणूस.

"साखर कंच्या कारखान्याची हाय?"

मी म्हटलं, काका, दुकानातून सुटी आणलीय, कॉलेजजवळच्या किराणा दुकानातून.

"सुटी?" त्यांना ते लागलं. "आमच्या कारखान्याची साखर कण बघूनच वळखू येती. दाखवा."

तोवर दुसऱ्या बाजूनं गॉगल लावलेले एक काका आले. हे नदीपलीकडच्या कारखान्याचे, म्हणजे ह्यांचे कट्टर विरोधक. त्यांनी बाहेरूनच सांगून टाकलं की रॉकेट उडणार असेल तर साखर त्यांची, आणि न उडणार असेल तर टोपीवाल्यांची. झालं. आता रॉकेट कुणाला दिसेना. दोन गट समोरासमोर, मध्ये आमचं एक नग. मी दोन्ही बाजूंना हात जोडून म्हटलं, मागे व्हा. टोपीवाले म्हणाले, आधी त्यांना होऊ दे. गॉगलवाले म्हणाले, आमी कवा मागं झालोय? आठ पस्तीस.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं. सुभेदार आबा बांधावर, चुलीवर ठेवलेल्या चहाजवळ बसले होते. मला फौजेचा दरारा, हुकूम, 'सावधान-विश्राम' ह्या गोष्टी पटत नाहीत. त्यावर माझं एक पत्रकही आहे. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, आवं आबा, माझी चूक झाली, मला लोक मागे हटवता येत नाहीत.

त्यांनी बशीतला चहा संपवला.

"किती मीटर?"

"तीनशे."

"मग तीन दिस तू कागूद कशाला वाटत हुतीस, पोरी? मला सांगायचं न्हाई? आमच्या गावात फायरिंग रेंजवर उभी ऱ्हाईलेली बारा माणसं हायती. त्यातली चार हितंच भेळ खात्यात."

त्यांनी घरातून तांबडं फडकं आणवलं आणि ते काठीला बांधून शेताच्या कडेला रोवलं. चौघांना नावानं हाक मारली. चौघांनी भेळ खाली ठेवली. कुठून यायची वाट आहे, कुठं पायवाट फुटते, कुठं बोअरची खोली आहे, हे त्यांनी न विचारता आपापसांत वाटून घेतलं. मग आबा गर्दीपुढे गेले. कर्णा मी पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"खाली बसायचं," ते म्हणाले.

आणि लोक बसले. हलगीवाला हलगीसकट बसला. गॉगलवाले काका बसले. मीही बसले, मला नंतर सरांनी उठवलं. बसलेल्या माणसांना रांगारांगांनी उठवून मागे नेण्यात वीस मिनिटं गेली. टोपीवाल्यांना आबांनी कानात सांगितलं की पश्चिमेकडून जास्त चांगलं दिसतं. गॉगलवाल्यांना सांगितलं की पूर्वेकडून. दोघंही दुसऱ्याला कळायच्या आत घाईघाईनं गेले. नऊ पाचला बांधाच्या चारी कोपऱ्यांतून हात वर झाले आणि आबा सरांना म्हणाले, रेंज क्लिअर.

कॅप्टननं काठीला बांधलेली वाऱ्याची पट्टी बघितली. ती हलायला लागली होती, पण अजून लोंबतच होती. तिनं किल्ली फिरवली आणि दहापासून उलटं मोजायला सुरुवात केली.

अंतरावरून गावानं तिच्याबरोबर मोजायला घेतलं. इथं नवा घोटाळा. पश्चिमेकडच्यांना पूर्वेकडच्यांच्या आधी शून्याला पोचायचं होतं, पूर्वेकडच्यांना पश्चिमेकडच्यांच्या. कॅप्टन सहावर होती तेव्हा दोन्ही बाजूंनी एकदम शून्याची आरोळी उठली. काही झालं नाही. शेत चूप. उसाच्या पानांची सळसळ ऐकू येत होती. लांबून कुणीतरी स्पष्ट आवाजात म्हणालं, "फुसका हाय रं."

कॅप्टननं पाच म्हटलं. चार. तीन. दोन. एक. बटण.

आवाज असा आला की कुणीतरी आभाळाएवढं कापड टर्रकन फाडलं. रॉकेट होतं तिथं धूर होता. डोळा वर जाईपर्यंत ते बोटाएवढं, मग काडीएवढं झालं. मळाभर गुळाचा वास पसरला. वर बारीक रेघ वाकली, संपली, आणि त्यानंतरची काही सेकंदं मला आजवरच्या सगळ्या भाषणांपेक्षा लांब वाटली. मग नारंगी ठिपका फुटला. टेलरकाकांचा घेर. एक टाका इकडचा तिकडे झाला नव्हता.

ते तरंगत, गिरक्या घेत, सगळ्यांच्या डोक्यांवरून शेजारच्या उभ्या उसात गेलं. आम्ही मोकळ्या रानात उतरवायचं ठरवलं होतं. वाऱ्यानं शेवटच्या क्षणी मत बदललं.

आबा ओरडत होते की झेंडा उतरेपर्यंत कुणी हलायचं नाही. पण आता त्यांच्याकडे चारच माणसं होती आणि समोर तीन गावं. शिवाय त्या चौघांपैकी दोन स्वतःच पळत होते. सगळं गाव उसात घुसलं. उभ्या उसात पडलेली म्हैस तीन दिवस सापडत नाही, पण शेकडो माणसं सरीसरीनं घुसली तर मग टाचणीही सापडते. मीही घुसले. पानांनी हात कापून घेतले, चप्पल गेली, आणि आतून कुठूनतरी "गावलं" अशी हाक आली. हाक दोन आवाजांत होती, एकदमच.

मी पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. रॉकेट खांद्यांवर चढलं होतं. गुलाल कुठून आला ते मला अजून कळलेलं नाही. ज्यांच्या खिशात तो होता त्यांनी तो कशासाठी बाळगला होता हेही विचारलं नाही. हलगी कडकडत होती. सरपंच निवडून आल्यासारखं आमचं एक नग उसातून बाहेर निघालं, आणि बांध उतरताना पुढचे थांबले, मागचे थांबले नाहीत. कट असा आवाज झाला.

कॅप्टन रिकाम्या पट्टीजवळ दोन्ही हात पुढे करून उभी होती. तिच्या हातात रॉकेट दिलं तेव्हा त्याला दोन पंख होते. तिसरा एका माणसानं नम्रपणे वेगळा आणून दिला.

कॅमेऱ्यात उड्डाण होतं, पॅराशूट होतं, उसात जाणं होतं. त्यानंतरचं पहिलं चित्र गुलालात माखलेल्या, पंख मोडलेल्या रॉकेटचं. धड उतरलं ह्याचा पुरावा नव्हता. सर जमिनीवर बसले. कॅप्टननं पंखाचा तुकडा उलटसुलट करून बघितला, मोडलेली कड ताजी आहे असं म्हणाली, आणि मग काहीच म्हणाली नाही. मला कळेना की न बोलण्याची सुरुवात झाली की काय.

मी गर्दीत फिरायला लागले. ह्या वेळी कर्ण्याशिवाय. एकेका माणसासमोर जाऊन विचारत होते, रॉकेट पहिल्यांदा कुणी बघितलं? उत्तर सगळीकडून एकच, मीच. बाया, म्हातारे, रसवाला, सगळ्यांनी पहिल्यांदा बघितलं होतं. शेवटी टोपीवाले काका पुढे आले आणि चिडून म्हणाले की पहिल्यांदा मी बघितलं आणि माझ्याकडे पुरावा आहे. मागून गॉगलवाले म्हणाले की पुरावा ह्याच्याकडे आहे पण त्यात मी आहे.

टोपीवाल्यांनी फोन काढला. उसाच्या सरीत, दोन ओळींच्या मध्ये, वाळक्या पाचटावर आमचं रॉकेट अलगद आडवं पडलेलं. नारंगी पॅराशूट शेजारी पसरलेलं. आणि त्यावर वाकलेले दोन काका, एक नाकाच्या बाजूला, एक पंखांच्या बाजूला, दोघांनी एकेक हात रॉकेटवर ठेवलेला, दोघंही कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. हसण्यात एकमेकांविषयी काहीही प्रेम नाही. खालच्या कोपऱ्यात तीन पंख. एकाला खरचटलंही नव्हतं.

"तुम्ही भांडत होता आणि सेल्फी काढलात?" मी विचारलं.

"मग? ह्यो म्हणाला असता यानं एकट्यानं हुडकलं," टोपीवाले म्हणाले. "आणि मी म्हणालो असतो मी. त्यापेक्षा दोघंबी असू दे."

रात्री मुदतीच्या आत सगळं पाठवलं. व्हिडिओ, तो फोटो, आणि माझं निवेदन, ज्यातलं एक वाक्य सोडून बाकी सगळं कॅप्टननं खोडलं. उरलेलं वाक्य असं: 'रॉकेट सुखरूप उतरले, नंतर मिरवणुकीत मोडले.'

दोन दिवसांनी स्पर्धावाल्यांचं पत्र आलं. उड्डाण मान्य आहे, उतरणं मान्य आहे, पण छायाचित्रातल्या दोन ज्येष्ठ सदस्यांची टीममधली भूमिका कळवावी. सर म्हणाले, खरं सांगा की ते गावकरी आहेत. मी म्हटलं की ह्यावर सविस्तर मांडणी करावी लागेल.

"शोधपथक," कॅप्टन म्हणाली. "एवढंच लिव."

तेवढंच लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं, आम्ही पात्र ठरलो होतो. पोरांनी खोलीत दंगा घातला. कॅप्टननं पत्र दोनदा वाचलं, मग लॅपटॉपवर रविवारचा व्हिडिओ लावला आणि बटण दाबल्याच्या जागेपासून पुढे बघत राहिली. संपला की पुन्हा. तिसऱ्यांदा तिनं तो थांबवला.

"ह्यात मी दिसतच न्हाई," ती म्हणाली.

दिसत नव्हती. कॅमेरा रॉकेटवर होता, ते बरोबरच होतं.

"तू कुठं बघत हुतीस?"

मी खरं सांगितलं. पहिले दोन सेकंद वर, नंतर तिच्याकडे.

"मग कशी दिसत हुते?"

मी म्हटलं, तोंड सताड उघडं होतं, नाकातून पाणी येत होतं, ते तू ओढणीनं न पुसता पॅराशूटच्या उरलेल्या नायलॉननं पुसलंस, आणि ते पाणी टिपत नाही, त्यामुळे गालभर पसरलं.

ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, हे कुठं लिवू नकोस.

लिहिलं.